हात मागे

हॅनरहानची तीन पोरं दुसऱ्या शाळेत गेली की शाळा गेली, हे तिथल्या शिक्षिकेला, नोरीन ट्युहीला, कुणी सांगायला नको होतं. पट घसरला की दुसऱ्या शिक्षिकेची जागा जाते, आणि एकाच बाईच्या शाळेत क्लूनमोर गावचे लोक पोरं ठेवत नाहीत. मग कुलूपच. मॅलकी हॅनरहान तर चर्चच्या दारातच बोलून मोकळा झाला होता. "राग मानू नका बाई, पण शहरातल्या शाळेत पोरं यंत्रमानव बनवतात. आमची सोरका तुमच्याकडे अजून कोकरंच रंगवतेय."

म्हणून निवृत्तीला टेकलेली नोरीन ऐन सुट्टीत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाला जाऊन बसली. शिकवणारा फर्गल तिच्या मुलाच्या वयाचा. त्याचा नियम एकच: पोरं काही बनवत असली की शिक्षकाचे हात पाठीमागे. "अडकू द्या त्यांना. तुम्ही फक्त विचारायचं." सरावाला शेजारणीचा कागदी पूल कलला आणि नोरीनचा हात आपसूक पुढे गेला.

"नोरीन, हात!" फर्गल ओरडला. सगळ्या बाया खो खो हसल्या. नोरीनही हसली, पण कान लाल झाले होते.

शाळा सुरू झाल्यावर तिने पालकांना बोलावणं धाडलं. पोरांनी पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या करायच्या, आणि चक्कीने दोरीला बांधलेलं टर्फचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचं, ढेकूळ उचलायचं. टर्फ घरोघरच्या शेगडीत होतं, आणि समुद्रावरचा वारा तर फुकटच.

आदल्या दिवशी अंगणात तालीम झाली. सोरकाची चक्की ढिम्म हलेना. तिने पाती सपाट लावली होती, वारा नुसता आपटून परत जात होता. नोरीनने हात मागे बांधले.

"वारा पात्यांवर येतो, मग कुठे जातो गं?"

सोरका ओठ चावत बघत राहिली. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं पांगली.

रिकाम्या वर्गात नोरीन सोरकाच्या चक्कीपाशी थांबली. उद्या मॅलकी येणार, आणि नेमकी त्याच्याच पोरीची चक्की बंद! पालक यायच्या आधी वाकडी चित्रं सरळ करायची, पुसट अक्षरं गिरवायची, हे तिने जन्मभर केलं होतं. प्रत्येक बाई करते. तिने एकेक पातं धरून तिरकं केलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सोरकाची चक्की गरागरा फिरली. ढेकूळ वर चढलं, पालकांनी टाळ्या वाजवल्या. मॅलकीची छाती फुगली.

"शाब्बास पोरी! पाती तिरकी करायचं कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं होतं डॅडी," सोरका खाली मान घालून म्हणाली. "काल अंथरुणात सुचलं. सकाळी लवकर येऊन करणार होते. पण बाईंनी आधीच करून टाकलं."

मेले असते तर बरं, असं नोरीनला वाटलं. पालक चहाकडे सरकले. कुणी तिच्याकडे बघेना.

सोरकाने मात्र सगळी पाती पुन्हा सपाट केली आणि आपल्या हाताने वळवायला बसली. दोन पाती उलटी वळली, चक्की अडली. नोरीनची बोटं शिवशिवली. तिने एका हाताने दुसरा हात पाठीमागे करकचून धरला. पोरीने चक्की खाली घेतली, पात्यांवर फुंकर मारून पाहिली, उलटी दोन सुलट केली. चक्की फिरली. ढेकूळ हिसके खात, डुलत वर गेलं.

"केलं! डॅडी, मी केलं!" सोरका किंचाळली. असा आवाज नोरीनने वर्गात कधी ऐकला नव्हता.

मॅलकीने लेकीकडे डोळे भरून पाहिलं. मग गाडीची किल्ली खिशातून काढली.

"इतकी वर्षं हे का नाही करू दिलंत हो, बाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "सोमवारपासून तिघंही शहरात जातील."

सोरका चक्की छातीशी धरून गाडीत बसली. अंगणात नोरीन उभी राहिली. हात अजून मागेच होते, आणि ते पुढे घेऊन करायचं काय, हे तिला कळत नव्हतं.