टाळ्यांच्या पुढचं रेकॉर्डिंग

धाकटीच्या कानाखाली अशी बसली की तिचा चष्मा उडून टेबलाखाली गेला. मारणारा दादा, तिचा सख्खा भाऊ. "डिलीट कर," तो म्हणाला. "आत्ता, माझ्यादेखत."

सकाळी भांडण साधंच होतं. वडील नावाजलेले व्हायोलिनवादक. ते गेल्यावर त्यांच्या मैफलींची रेकॉर्डिंग जतन करायचं काम या दोघांवर आलं. दादाचं म्हणणं, सगळं एमपीथ्री करा आणि मूळ फायली उडवा. "जागा वाचते. आणि फरक कुणाच्या बापाला कळतोय?" धाकटीचा व्यवसायच ध्वनिमुद्रणाचा, तिचं डोकंच फिरलं. एमपीथ्री कानाला सहज जाणवणार नाही ते गाळून टाकतं, आणि गाळलेलं परत मिळत नाही. ती फ्लॅक करणार होती. त्यात फाइल लहान होते, पण सूर एकही जात नाही.

घोळ झाला तो आईवडिलांच्या शेवटच्या एकत्र मैफलीच्या फायलीत. जुनी मूळ फाइल, वेव्ह प्रकारातली, डिस्कवर जागा खात होती भरपूर, पण टाळ्या सुरू झाल्या की वाजायची थांबत होती. लांबलचक मैफलींत हे होतंच. चार जीबीच्या पुढे त्या फायलीला स्वतःची लांबी सांगता येत नाही. पुढचं सगळं असतं, फक्त कुणी ऐकत नाही. धाकटीने फायलीने सांगितलेली लांबी धुडकावून शेवटपर्यंतचं सगळं फ्लॅकमध्ये घेतलं आणि स्पीकरवर लावलं.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या, दारं लागली. रेकॉर्डिंगवाला मशीन चालू ठेवूनच कुठेतरी उलथला असावा. मग पियानो वाजू लागला. आई मैफलींत कायम वडिलांच्या साथीला बसायची, पण ही साथ नव्हती. हे तिचं स्वतःचं होतं, आणि धाकटीला ऐकताना रडू आलं.

मग एका मुलाचा आवाज आला. "बाबा, बघा ना, आई एकटीच वाजवतेय."

जड पावलं आली. पियानोचं झाकण दाणकन आदळलं. आई किंचाळली, आणि झाकण पुन्हा आदळलं.

आईची बोटं गाडीच्या दारात चिरडली, असं धाकटीला लहानपणापासून सांगितलं होतं. तिने ते इमानेइतबारे मानलंही होतं. तिने मान वळवली तर दारात दादा उभा, चेहरा पांढराफटक.

"मी दहा वर्षांचा होतो," तिच्या कानाखाली मारून झाल्यावर तो म्हणाला.

"तेव्हा होतास. आता पुसायला निघालास, आता किती वर्षांचा आहेस?"

दादाने माइकचा लोखंडी स्टँड उचलला. पहिल्या फटक्यात एक स्पीकर फुटला. दुसरा फटका डिस्कवर पडणार, तेवढ्यात धाकटीने त्याच्या मनगटाला दात लावले, रक्त येईपर्यंत. त्याने तिला झटकून भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फाटला, पण ती पुन्हा उठून डिस्कच्या आड उभी राहिली. त्याने स्टँड पुन्हा उगारला.

"मघाशी वाजत होतं ते माझं होतं ना?" आई दारातून म्हणाली.

दोघंही जागच्या जागी थिजले. "हो," धाकटी म्हणाली.

"आई, तुझं वाजवणं ठेवतो," दादा घाईघाईने म्हणाला. "फक्त पुढचं कापून टाकू. शपथ."

"नको. एवढं चांगलं वाजवत होती तर सोडलं का, असं लोक विचारतील. त्यांना कळू दे."

"आणि माझा आवाज?"

"तोही राहील."

आई खुर्ची ओढून बसली. धाकटीने ओठाचं रक्त बाहीला पुसलं आणि उरलेल्या स्पीकरवर रेकॉर्डिंग टाळ्यांपासून लावलं. आई डोळे मिटून स्वतःला ऐकत राहिली. मुलाचा आवाज आला तेव्हा तिने डोळे उघडले आणि दादाकडे पाहिलं.