चौदावा दिवस

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचं काम ती करायची, म्हणून 'कटिंग मास्तर'वरून सगळे तिला मास्तरीणच म्हणत. हात असा बसलेला, की चाळीस थरांच्या थप्पीवर कापायचं मशीन चालवताना सूतभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. नवरा दूर एका पुलाच्या कामावर क्रेन चालवायचा. त्याला महिन्याला दोन दिवस सुट्टी, आणि ते दोन दिवस कोणते, हे तीन वर्षं एका वाक्यानं ठरवलं होतं.

ते वाक्य डॉक्टरांचं. पहिल्याच भेटीत, कागदावरून मान वर न करता ते म्हणाले होते, "पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी एकत्र या. राहील दिवस."

झालं. ती कॅलेंडरवर पाळीपासूनच्या तेराव्या आणि चौदाव्या दिवसाला गोल करायची, फोन करायची, नवरा आठ तासांचा प्रवास करून अंग मोडत यायचा. दोन दिवस राहून परत. महिना संपून पाच-सहा दिवस उलटले की पाळी हजर. दर खेपेला आशा, दर खेपेला तोंडघशी.

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. "पोरगं एवढ्या लांबून जीव टाकून येतं," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आणि हिच्या कुशीत काही टिकेल तर शपथ!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रक्त तपासलं. गर्भनळ्यांत औषध सोडून फोटो काढले, तेव्हा तिनं टेबलाची कड धरून ओठ चावला होता. सगळं ठीक निघालं, तरी "ताण घेऊ नका" म्हणून पुन्हा गोळ्या.

त्या दिवशी ती फक्त रिपोर्ट घ्यायला गेली होती. खिडकीशी नवीन सिस्टर होती, नवा फॉर्म भरत होती.

"पाळी किती दिवसांनी येते?"

"पस्तीस. कधी छत्तीस."

"अलीकडे?"

"पहिल्यापासून. घड्याळ लावून घ्या."

सिस्टरचं पेन थांबलं. "आणि तुम्ही एकत्र कधी येता?"

"डॉक्टरांनी सांगितलं तसं. चौदाव्या दिवशी."

सिस्टरनं इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "ताई, स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. मागून मोजायचं. अठ्ठावीस दिवसांची पाळी असली, की दोन्हीकडून चौदाच येतात. तुमचे पस्तिसातून चौदा गेले तर?"

"एकवीस," मास्तरीण म्हणाली.

"सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं अंगात फार तर पाच दिवस. म्हणजे तुमचे दिवस सोळा ते एकवीस. दोन दिवस पुढंमागं धरा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पाणी दिसलं की समजायचं, वेळ आली."

म्हणजे नवरा परत क्रेनवर चढायचा, त्यानंतर आठवड्यानं बीज सुटायचं! तिनं मनात हिशोब केला. तीन वर्षांत तीस फेऱ्या. तीसच्या तीस वाया.

नंबर यायची वाट न बघता ती आत घुसली. डॉक्टरांसमोर कोणी नव्हतं, ते चहा पीत होते.

"डॉक्टर, माझी पाळी किती दिवसांची आहे?"

"अं? फाइल बघावी लागेल."

"बघा. कुठंच लिहिलेलं नाही. तुम्ही विचारलंच नाही."

"हे बघा, सर्वसाधारणपणे आम्ही सगळ्यांना चौदावाच…"

"सगळ्यांना? आमच्याकडे साधी चड्डी शिवायची तरी आधी पोराची कंबर मोजतात! तुम्ही माझ्या नळ्यांत औषध सोडलंत, पण दोन आकडी उत्तराचा एक प्रश्न विचारायला तुमची जीभ वळली नाही?"

"तुम्ही आपणहून सांगायला हवं होतं."

"मला काय ठाऊक ते सांगायचं असतं? ते ठाऊक असायचं शिक्षण कोणी घेतलंय, मी का तुम्ही?"

दाराबाहेर बाकावरच्या बायका माना उंचावून ऐकत होत्या. डॉक्टरांचा चहा निवला. "रागावू नका, ताणानं…" ते म्हणाले, आणि तिनं फाइल उचलली.

घरी येऊन तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं, बीज, पाणी, काही न वगळता.

"अगं, असलं काय उघड बोलतेस!" सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"आई, तीन वर्षं माझी कूस चव्हाट्यावर मांडलीत, तेव्हा ते उघड नव्हतं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूच विचारलं, "म्हणजे… एकविसावा?"

"सोळा ते एकवीस."

"मग त्याला अठराव्याला बोलाव. मधोमध."

नवरा फोनवर आधी हसला, मग हिशोब करू लागला. "तीस वेळा, गं?"

"तीस. आणि तूही तपासून घे. माझं सगळं उसवून झालं, तुला एका डबीत नमुना द्यायचं काम आहे."

"माझ्यात काय असणार?"

"माझ्यातही काही नव्हतं."

तो तपासायला गेला. रिपोर्ट बरा आला. मुकादमाशी भांडून त्यानं चार दिवसांची जोडसुट्टी मिळवली. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नाही. चौथ्या खेपेला पाळीचा पस्तिसावा दिवस गेला, चाळिसावा गेला, आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

शेजारीण पेढ्याच्या आशेनं आली. सासूबाई खुलून म्हणाल्या, "शेवटी डॉक्टरांच्या हाताला गुण आला बरं!"

मास्तरीण आतून बाहेर आली. आनंद झाला होताच, नाही कसा? पण त्या आनंदाखाली राग तसाच पेटलेला होता आणि तो विझवायची तिला काही घाई नव्हती.

"आई, त्यांच्या हातानं तीन वर्षं गेली," ती म्हणाली. मग शेजारणीकडे वळली. "तुमच्या लेकीचंही त्यांच्याकडेच चाललंय ना? तिची पाळी किती दिवसांची?"

शेजारीण गोंधळली. "कोण जाणे. त्यांनी काही विचारलं नाही."

"बोलवा तिला," मास्तरीण म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.