पंधरावा तुकडा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी काळी डबी आहे मी. हार्ड डिस्क म्हणतात मला. आता मी जुनी झाले आहे, आतली तबकडी फिरताना माझ्यातून टकटक आवाज येतो आणि अंग लवकर तापतं. पण माझं दुखणं ते नाही. माझं दुखणं म्हणजे मला तोंड नाही.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुकानात, अक्षताने मला हातात घेतलं तेव्हा. अक्षता कात्रजला राहते आणि माहितीपट बनवते. तिच्यामागे कुठली कंपनी नाही. ती, तिचा कॅमेरा आणि तिचा मित्र केयूर, एवढाच सगळा संसार. केयूर एका आयटी कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी अक्षताच्या चित्रणाचं संकलन करतो. मी आले त्याच दिवशी त्याने मला एक पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर 'अक्षता १' असं लिहिलं आणि मला एका जुन्या लोकरी मोज्यात घातलं. मला तो मोजा फार आवडायचा.

केयूरचं काम शिस्तीचं. त्याने भिंतीवर एक कागद लावला होता: आधी कॅमेऱ्याच्या कार्डावरचं चित्रण माझ्यावर घ्यायचं, मग माझी जुळी बहीण 'अक्षता २' हिच्यावर. दोन्हीकडचं उघडून पाहायचं, मगच कार्ड पुसायचं. पाच वर्षं हे असंच चाललं. मी चित्रण सांभाळायची आणि मागितलं की द्यायची. एकदा केयूर म्हणाला, "ही डिस्क आपल्या दोघांपेक्षा विश्वासू आहे." ते ऐकून मला केवढा आनंद झाला होता!

मग बाबुराव आले. खरं तर माझ्यात आले.

बाबुराव धायरीला राहणारे. सगळी नोकरी बसच्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून झालेली. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचा बिघाड सांगायचे. अक्षताला त्यांच्यावरच माहितीपट करायचा होता. त्यात त्यांच्या घशाचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. शस्त्रक्रियेला आठ दिवस उरले होते. बाबुराव अक्षताला म्हणाले, "ये तू कॅमेरा घेऊन. आवाज आहे तोवर सगळं बोलून टाकतो. नंतर खुणा करीन, पण खुणांनी मनासारख्या शिव्या देता येत नाहीत."

चित्रणाच्या आदल्या दिवशी अक्षताचा आणि केयूरचा वाद झाला. चित्रण कोणत्या दर्जात करायचं, यावरून. अक्षताला सगळ्यात मोठा हवा होता, बाबुरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती दिसली पाहिजे म्हणून. केयूर म्हणाला, "अगं, माणूस बोलणार आहे. आपल्याला ऐकायचंय. एवढ्या मोठ्या फाइल्स घेतल्यास तर कार्ड दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही."

"पुरेल रे. चिल!" अक्षता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केयूरला सुट्टी नव्हती. अक्षता एकटीच धायरीला गेली. बाबुराव तीन तास बोलले. पहिलं इंजिन कसं ऐकायला शिकले ते बोलले, वडिलांबद्दल बोलले. आपल्या चार वर्षांच्या नातीला त्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली, मोठी झाल्यावर तिने ऐकावी म्हणून. पत्नीबद्दल, द्वारकाबाईंबद्दल, समोरासमोर जे कधी म्हणाले नव्हते तेही म्हणाले. द्वारकाबाई तेव्हा मुद्दाम बाहेर जाऊन बसल्या होत्या. चित्रणाचे पंधरा तुकडे झाले आणि कार्ड भरलं.

दुपारी स्वारगेटला बसगाड्यांचं चित्रण करायचं होतं. परवानगी फक्त त्याच दिवसाची, दोन ते चार. अक्षताने वाटेत एका अमृततुल्य चहाच्या दुकानात बसून लॅपटॉपवरून पंधराही तुकडे माझ्यावर घेतले. माझी बहीण कात्रजला टेबलावरच राहिली होती. इतक्यात केयूरचा फोन आला.

"दुसरी प्रत केलीस?"

"घरी गेल्यावर करते. डिस्कवर आहे ना सगळं! किती टेन्शन घेतोस!"

आणि तिने कार्ड पुसलं.

मित्रांनो, तिचा कॅमेरा प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो: एक, दोन, तीन. कार्ड पुसलं की तो पुन्हा एकपासून मोजू लागतो. स्वारगेटला चौदा तुकडे झाले, एक ते चौदा. संध्याकाळी घरी आल्यावर अक्षताने ते माझ्यावर घेतले, पण नवा फोल्डर करायला विसरली. सकाळच्याच फोल्डरमध्ये टाकले. संगणकाने विचारलं, या नावांच्या फाइल्स आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? त्याच वेळी फोनवर तिची आई जेवणाचं विचारत होती. अक्षताने आईला "हो" म्हटलं आणि इकडेही 'होय' दाबलं.

मला सगळं कळत होतं. मी नुसती फिरत राहिले. मग तिने नियमाप्रमाणे माझ्या बहिणीवरही प्रत केली. दोन प्रती अगदी व्यवस्थित झाल्या. एकापासून चौदापर्यंत दोन्हींत बसगाड्याच होत्या.

याहून वाईट पुढे झालं. फाइल गेली तरी आतलं लगेच पुसलं जात नाही. ती जागा रिकामी धरली जाते, एवढंच. बाबुरावांचे शब्द अजून माझ्यातच होते. त्या दिवशी कुणी मला बाजूला काढून जाणकाराकडे नेलं असतं, तर ते परत मिळाले असते. पण कुणाला काही माहीतच नव्हतं. तीन आठवडे रोज नवं चित्रण येत होतं आणि त्याच जागांवर बसत होतं. एके दिवशी वडिलांची आठवण गेली. एके दिवशी नातीची गोष्ट गेली. द्वारकाबाईंबद्दलचं बोलणं सगळ्यात शेवटी गेलं. मी हताश होते. डिस्कला नको म्हणता येत नाही.

केयूर संकलनाला बसला तेव्हा सगळं उघड झालं. त्याने एकेक तुकडा उघडला, बसगाड्याच निघाल्या. अक्षता जमिनीवरच बसली. केयूरने मला जोडून स्वतः शोधून पाहिलं, जाणकारालाही दाखवलं. हाती काही लागलं नाही. उरला होता फक्त पंधरावा तुकडा, कारण दुपारच्या चित्रणात पंधरा क्रमांकच नव्हता.

अक्षता तो घेऊन धायरीला गेली. मीही पिशवीत होते. बाबुरावांच्या गळ्याला पट्टी होती आणि मांडीवर पाटी. शेजारी द्वारकाबाई बसल्या होत्या. अक्षताने रडत रडत सगळं सांगितलं. "काका, माझी चूक आहे," ती म्हणाली. बाबुरावांनी खडू उचलला. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बिघाड कुठे होता ते सापडलं ना? पुढची गाडी नीट चालव.'

मग तिने पंधरावा तुकडा लावला. अवघ्या बारा सेकंदांचा. मुलाखत संपल्यावर कॅमेरा खाली ठेवताना त्याचं बटण चुकून पुन्हा दाबलं गेलं होतं. चित्रात खुर्चीचा पाय आणि फरशी, दुसरं काही नाही. आणि बाबुरावांचा तो खरखरीत, मोठा आवाज: "झालं ना गं? द्वारका, चहा टाक. पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही."

"टाकते," असं म्हणत द्वारकाबाई उठल्या.

दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मागे वळून त्यांनी बाबुरावांकडे पाहिलं. बाबुरावांचे ओठ मिटलेले होते. त्या तशाच आत गेल्या, आणि थोड्या वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला.

आता मी कपाटात बुटांच्या खोक्यात असते, मोज्यासकट. त्या बारा सेकंदांच्या प्रती चार ठिकाणी आहेत. तरी मी माझी प्रत जिवापाड जपते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाचा तरी आवाज असाच एखाद्या डबीत पडून असेल. त्याची दुसरी प्रत करा. ती उघडून, शेवटपर्यंत ऐका. मगच पहिलं काही पुसायचं ते पुसा. आम्हाला दिलेलं ठेवता येतं आणि मागितलेलं देता येतं. 'थांबा' मात्र म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.