कपाळावरचा देव

मित्रांनो, पुरुषभर लांब आणि हातभर रुंद असा मी एक जुना, काळा दगड आहे. चाळीस वर्षे मी एका शिंप्याच्या दुकानाची पायरी होतो. त्याआधी मात्र मी देवळात गाभाऱ्याच्या दारावर आडवा बसवलेला होतो. तिथे मला ललाटपट्टी म्हणत. ललाट म्हणजे कपाळ.

खाणीतून काढल्यावर एका पाथरवटाने मला दोन उन्हाळे घडवले. दोन्ही अंगांना वेल कोरली आणि मधोमध वीतभर उंचीची देवाची मूर्ती. देऊळ कुणाचे, हे दारावरच्या त्या मूर्तीवरून कळत असे. माणसे आधी वर पाहत, हात जोडत, मग मान लववून आत शिरत. कुणी आजारी लेकरू घेऊन येई, कुणी नुसतेच उंबऱ्याशी बसून राही.

तुम्ही म्हणाल, मग तुलाच सांगता येईल की तो देव कोणता! कसा सांगू? स्वतःचे कपाळ कुणाला दिसते का? गाभाऱ्यातला देव माझ्या पाठीमागे होता. येणारी माणसे नुसते "देवा" म्हणत आणि पुजारी एका दमात साऱ्या देवांची मिळून हजार नावे घेई. ती सगळी मला पाठ झाली. पण त्यातले कोणते नाव माझ्या कपाळी आहे, हे कुणी मला कधी सांगितले नाही.

पुढे नदीने पात्र बदलले आणि वस्ती दूर गेली. जाताना लोक गाभाऱ्यातली मूर्ती घेऊन गेले. कुठे, कोण जाणे. शिखरात झाड रुजले, मुळांनी चिरे फोडले आणि एके दिवशी मीही खाली आलो. गवतात किती वर्षे पडून होतो, याची मोजदाद नाही. शेवटी एका तरुण गवंड्याने मला उचलून नेले. शिंप्याला दुकानासाठी पायरी हवी होती.

गवंड्याने मला पालथा टाकला. पण मूर्ती खाली टेकली आणि मी डुगडुगू लागलो. त्याने मला पुन्हा उलटवले आणि छिन्नी काढली.

"अरे, देव दिसतोय तो," शिंप्याची आई म्हणाली. "दुसरा दगड बघ ना."

"आजी, संध्याकाळच्या आत काम उरकायचंय. आणि देव असता तर देवळात नसता का राहिला?"

शिंपी मशीनवरून उठलासुद्धा नाही. चार-पाच घावांत काम झाले. कपच्या चुन्याच्या मालात टाकून गवंड्याने मला पालथाच पक्का बसवला. म्हातारी पुढे जन्मभर मला ओलांडून, लांब ढांग टाकून आत जाई. बाकी सगळ्यांनी पाय दिले. त्यांचा तरी काय दोष?

चाळीस वर्षांनी एक संशोधक बाई त्या पडक्या देवळाची मापे घ्यायला आल्या. चौकटीचे सगळे दगड त्यांना मिळाले, फक्त मी मिळेना. पिशवीचा पट्टा शिवून घ्यायला त्या दुकानात आल्या आणि माझ्या कडेला वेलीची दोन पाने डोकावताना पाहून वाकून त्यांवरची माती झाडू लागल्या.

"दादा, ही पायरी उलटून बघू का?"

"बघा की," आता दुकान चालवणारा शिंप्याचा मुलगा म्हणाला. "फक्त गिऱ्हाईक यायच्या आत सरळ करा!"

चौघांनी पहारी लावून मला उलटवले. वेल तशीच होती. मधोमध नुसता खडबडीत खड्डा. मग शिंप्याच्या मुलाने गवंडीकाकांना बोलावणे धाडले. ते काठी टेकत आले, वाकले आणि खड्ड्यावरून बोट फिरवले.

"माझीच छिन्नी. एका कोपऱ्याला बोथट होती."

"काका, मी रागावले नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच आठवा, हातात काय होतं? चक्र, त्रिशूळ, कमळ? गाभाऱ्यात काहीच उरलेलं नाही. तुम्ही सांगाल तेवढंच."

"सांगून टाका ना काहीतरी," शिंप्याचा मुलगा हळूच म्हणाला. "बाईंचं काम होईल."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "एक हात वर होता. उघडा. तळहातावर रेषासुद्धा कोरल्या होत्या." त्यांनी पुन्हा खड्ड्यावर बोट ठेवले. "तोंडाकडे मी बघितलंच नाही हो. बघितलं असतं तर हात चालला नसता."

बाईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. उघडा हात म्हणजे "भिऊ नकोस", असे त्या म्हणाल्या. पण तसा हात पुष्कळ देवांचा असतो.

आता मी देवळात, चौकटीशेजारी दोन ओंडक्यांवर पडून आहे. परवा एक सासू-सून आल्या. "कुणाचं हो देऊळ?" सासूबाईंनी विचारले. "ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी हात जोडले, नाव घ्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्या मिटलेल्या ओठांचे मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादा कोरीव दगड दिसला, तर तो हलवू नका, जाणत्याला दाखवा. आणि ज्यांनी तो पूर्वी पाहिला असेल, त्यांना आजच गाठा. आमच्या गवंडीकाकांना चाळीस वर्षांत कुणी काही विचारलेच नव्हते.