सव्वीस पीळ

"आज दुपारी बँकेची माणसं यायची आहेत. काय घालू, मास्तर?"

साहेबांनी नेहमीप्रमाणे डावा हात पुढे केला. त्यांच्या घड्याळांची देखभाल करणाऱ्या मास्तरांनी हिरव्या बनातीचा ट्रे टेबलावर सरकवला. ट्रेमध्ये सहा घड्याळं होती, बाकीची अकरा कपाटात. सगळी चावीची, सगळी मूठभर लोकांनाच परवडणारी, आणि एकेकाची खोड मास्तरांना पाठ.

"बँकेची माणसं म्हटल्यावर सोनं नको," मास्तर म्हणाले. "उगाच त्यांची नजर मनगटावर राहायची. हे घ्या. पांढरी तबकडी, निळे काटे, बाहीखाली गुपचूप बसतं. ज्याला कळतं तो बघून गप्प बसेल. ज्याला कळत नाही त्याचं काही अडत नाही."

साहेब खूश झाले. त्यांनी घड्याळ उलटं करून मागच्या काचेतून यंत्र पाहिलं, मग कानाला लावून डोळे मिटले. "यंत्रातल्या या पितळी पट्ट्यांच्या खालच्या कडासुद्धा हाताने घासलेल्या असतात बरं का मास्तर! जिथे दुरुस्ती करणाऱ्याशिवाय कुणाची नजर जायची नाही, तिथेसुद्धा. याला म्हणतात काम!" हे त्यांना मास्तरांनीच एकोणीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. पण साहेब ते दर आठवड्याला मास्तरांनाच समजावून सांगायचे, आणि मास्तर दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं करायचे.

"साहेब," मास्तर म्हणाले, "पाच-सहा दिवस सुट्टी हवी होती."

साहेबांनी डोळे उघडले. "पाच-सहा?"

"ताईचं काही खरं नाही. भाचीचा फोन आला होता. तिकडे पोचायलाच एक दिवस आणि एक रात्र लागते."

 साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती. त्या कपाटात, वरच्या कप्प्यात, शहाणा होता.

शहाणा हे मास्तरांनी एका घड्याळाला ठेवलेलं नाव. वेळेबरोबर ते तारीख, वार, महिना, चंद्रही दाखवायचं. कुठला महिना तिसाचा, कुठला एकतिसाचा, कुठल्या वर्षी फेब्रुवारीला एक दिवस जास्त, सगळं त्याला आतल्या आत ठाऊक. मास्तरांना स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवायचा नाही, आणि हा पठ्ठ्या चार वर्षांनी येणारा फेब्रुवारी लक्षात ठेवून बसलेला! अट एकच. तो बंद पडता कामा नये. एकदा चावी दिली की चाळीस तास चालणार. त्यापुढे बंद पडला तर सगळे आकडे पुन्हा जुळवायला परदेशात कारखान्यात पाठवायचा. मास्तर येण्याआधी एकदा तसं झालं होतं, तर तो आठ महिन्यांनी परत आला. त्याच सुमारास साहेबांनी हौसेने स्वतः चावी देऊन दुसऱ्या एका घड्याळाची स्प्रिंग तोडली होती. म्हणून मास्तर आल्यापासून घरात चावीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम साहेबांनीच केला.

बाकीची घड्याळं थांबली तर थांबली, दोन मिनिटांत लावता येतात. पण शहाण्यासाठी रोज सकाळी आठ वाजता मास्तर हजर. ताप असो, पाऊस असो, रविवार असो. एकोणीस वर्षांत चाळीस तासांच्या पलीकडे मास्तर कुठे गेले नव्हते. पोराच्या कॉलेजात बक्षीस समारंभ होता, बायको एकटी गेली. ताईचा नवरा गेला तेव्हा मास्तरांनी फोनवरच रडून घेतलं. ताईला दर वेळी सांगायचं, "येतो गं, एवढं होऊ दे." काय व्हायचं होतं ते कधीच होत नव्हतं. गाईला लांब दाव्याने बांधतात, तिला वाटतं आपण मोकळ्या रानात चरतोय, तसं मास्तरांचं चाललं होतं. दाव्याची लांबी मात्र त्यांना मिनिटापर्यंत माहीत होती.

"मग असं करा," साहेब अचानक म्हणाले, "शहाण्याला बरोबर घेऊन जा! मनगटावर घालून जा, मास्तर. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मास्तरांनी शहाण्याला दोन्ही हातांनी घेतलं. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं, तेव्हा तिने भाकरीच्या पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, ही सुट्टी झाली की पहारा?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतंय हो. तुम्हालाच कळत नाही."

गाडीत उकाड्याने सगळे हैराण झाले होते आणि मास्तर लांब बाहीचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून बसले होते. उजव्या हाताने डावं मनगट गच्च धरलेलं. डोळ्याला डोळा लावला नाही. समोरच्या बाईंनी न राहवून विचारलं, "हात दुखतोय का हो?"

"हो," मास्तर म्हणाले. "जुनं दुखणं आहे."

ताई खिडकीजवळच्या पलंगावर होती. एवढीशी झाली होती. आई गेली तेव्हा मास्तर सात वर्षांचे आणि ताई सोळा. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून तिने त्यांना वाढवलं. एकदा कुणाच्या तरी कोटाच्या खिशात बंद पडलेलं, पट्टा नसलेलं घड्याळ निघालं. वर्षभर कुणी मागायला आलं नाही, तेव्हा मालकाने तिला देऊन टाकलं आणि तिने ते धाकट्या भावापुढे ठेवलं. त्याने ते उघडलं, सगळं सुटं केलं, पुन्हा बसवलं. घड्याळ चालू झालं, पण दोन स्क्रू उरले. तेव्हापासून ताईची चेष्टा ठरलेली.

"आलास का, बारक्या?" ती म्हणाली. "सापडले का ते दोन स्क्रू?"

"शोधतोय गं," मास्तर म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं.

"रडतोस काय? हात दे इकडे." तिने त्यांचा डावा हात ओढून घेतला. बाही मागे सरकली, आणि तिची बोटं थांबली. "अगं बाई! हे तुझं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. भाची दारात उभी होती, तीही बघत होती.

"कधी घेतलंस? बोलला नाहीस ते? मला वाटायचं, माझा भाऊ दुसऱ्यांच्याच घड्याळांना चाव्या देत म्हातारा झाला." ताईच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मास्तरांच्याने खरं सांगवेना. ते नुसते हसले. मग तिने ते मनगट कानाशी नेलं आणि किती तरी वेळ तसंच धरून ठेवलं. सकाळच्या चावीपुरता वेळ सोडला तर तो सगळा दिवस आणि दुसरा दिवस तिने हात सोडला नाही. झोपेतसुद्धा. मास्तरांना अवघडायला व्हायचं, पण बरं वाटायचं. इतकी वर्षं त्यांनी लोकांना घड्याळाचा आवाज कसा ऐकायचा ते सांगितलं होतं. पण इतकं जीव लावून कुणी ऐकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"चंद्र आहे गं ह्यात," ते तिला दाखवायचे. "आणि उद्या अठ्ठावीस फेब्रुवारी. उद्याच्या रात्री हा एकोणतीस, तीस, एकतीस सगळं ओलांडून सरळ एक तारीख दाखवेल. आपोआप!"

"एवढा शहाणा आहे तर विचार त्याला, माझा नंबर कधी?"

"गप गं ताई."

"विचार तर खरं. नाही सांगितलं तर तुझ्या साहेबाला परत करून टाक." असं म्हणून ती डोळे मिचकावून हसली. तिला खरं कळलं होतं, की ती नुसतीच चेष्टा होती, ते मास्तरांना कधी समजलं नाही.

अठ्ठावीसला सकाळी भाची दूध आणायला गेली. पलंगाशेजारी मास्तर एकटे. ताईने त्यांचं मनगट छातीशी धरलं होतं. श्वास लागलेला होता, पण रात्रीपासून तसाच होता. आठ वाजले.

घड्याळ मनगटावर असताना चावी द्यायची नाही. चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो, ती वाकते. हे मास्तरांनी साहेबांना शिकवलं होतं, त्याआधी स्वतःच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं होतं. त्यांनी हळूच ताईच्या बोटांतून हात सोडवला. बोटं सुटायला तयार नव्हती, एकेक करून सोडवावी लागली. घड्याळ काढलं, खिडकीकडे तोंड केलं आणि चावी द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सव्वीस पीळ. शेवटचे तीन घट्ट लागतात, तिथे हात आवरायचा. तेवढं लक्ष मोजणीवर हवंच.

सतराव्या पिळाला ताई काहीतरी म्हणाली.

"थांब हं ताई," मास्तर मागे न बघता म्हणाले, "एवढं होऊ दे."

अठरा, एकोणीस, वीस. मध्येच थांबले असते तर काही म्हणजे काहीही बिघडलं नसतं. घड्याळ चालूच होतं. सतरा पिळांवरसुद्धा ते दुसऱ्या दिवशीपर्यंत आरामात चाललं असतं. हे मास्तरांइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही त्यांनी सव्वीस पूर्ण केले, काच बाहीने पुसली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि वळून हात पुढे केला.

"हं, काय म्हणत होतीस?"

ताईचा हात छातीवर उघडा पडला होता, ते मनगट जिथे होतं तिथे.

भाची दुधाचं भांडं घेऊन आत येताच मास्तर तिचे खांदे धरून विचारू लागले, "ती काय म्हणाली? तू ऐकलंस का? दारात होतीस का तू? काय म्हणाली ती?"

"मामा, मी आत्ताच आले हो," भाची म्हणाली आणि तिने भांडं खाली ठेवलं.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. ताईला उचलायच्या वेळी मास्तरांनी घड्याळ काढून आतल्या खिशात ठेवलं आणि तेवढ्यातही दोनदा खिसा चाचपला. स्वतःची त्यांना इतकी किळस कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पाहिलं तर तारीख एक होती, महिना मार्च. शहाणा कुठेही अडखळला नव्हता.

परत आल्यावर साहेबांनी आधी मास्तरांची विचारपूस केली. माणूस वाईट नव्हता. "फार वाईट झालं हो, मास्तर. भेट तरी झाली ना?"

"झाली."

"बंद नाही ना पडला?"

"नाही, साहेब."

साहेबांनी घड्याळांच्या खोलीत शहाण्याला मोबाइलवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, मान डोलावली आणि तो ट्रेमध्ये ठेवला. बोटं जरा वेळ सगळ्या घड्याळांवरून फिरवली आणि पांढऱ्या तबकडीचं उचललं. "हेच बरं. हा शहाणा दोन वर्षांत मी घातलाच नाही, तुमच्या लक्षात आलं का? फार गर्दी आहे त्याच्या तबकडीवर. एक गृहस्थ मागे लागलेत, त्यांना देऊन टाकावा म्हणतो. पुढच्या वर्षी वगैरे बघू. तोपर्यंत चालू ठेवा."

"बरं," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी चावी देऊन लावलेलं पांढऱ्या तबकडीचं घड्याळ घालून साहेब गेले. आठ वाजत आले होते. मास्तरांनी शहाण्याला हातात घेतलं, खिडकीकडे तोंड केलं आणि चावी द्यायला सुरुवात केली. सतराव्या पिळाला त्यांची बोटं थांबली. त्यांनी श्वास रोखला आणि मान मागे वळवून ऐकलं. खोलीत अजून सोळा घड्याळं होती, पण शहाणा सोडून बाकीची पंधरा त्या सहा दिवसांत बंद पडली होती, त्यामुळे इतकी शांतता होती की कुणी हळू बोललं असतं तरी ऐकू आलं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी मान पुढे केली. उरलेले नऊ पीळ दिले.