तळमजल्याच्या भिंती

अमरावतीच्या राजापेठेत मोरोपंत वकिलांची तीन मजली इमारत उभी राहिली, तिचा नकाशा देवरावचा. नागपूरहून इंजिनिअर होऊन आल्यावर मिळालेलं ते त्याचं पहिलं मोठं काम. १९६४ च्या दिवाळीत भाडेकरू आले. पुढच्या उन्हाळ्यात मोरोपंतांनी तळमजल्यावर दुकानं काढायचं ठरवलं. त्यासाठी काँक्रीटच्या खांबांमधल्या विटांच्या भिंती पाडाव्या लागणार होत्या.

देवराव ऐकताच तिकडे गेला.

"पंत, त्या भिंती राहू द्या. खांबांना त्यांचा आधार आहे."

"तुमच्या हिशोबात तो आधार धरलाय?"

"नाही. भिंतींचं नुसतं वजन धरलंय. आम्हाला तसंच शिकवलंय."

"मग भिंती काढल्या की वजन कमीच होईल."

भिंतींमुळे इमारत डुलत नाही, हे देवरावला जाणवत होतं. पण आधार किती, ते आकड्यांत मांडायची रीत त्याच्याकडे नव्हती, आणि वकिलापुढे अंदाज टिकत नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा गेला, तेव्हा पुंजाजी मिस्त्री पाडलेल्या विटा रचत होता.

"मालकानं सांगतलं, पाडल्या," तो म्हणाला. "मी काय करू साहेब?"

ज्येष्ठात एका दुपारी जोराचं वादळ झालं. ते थांबताच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाबाई मास्तरीण देवरावकडे आल्या. "घर हललं हो. मांडणीवरची भांडी खाली आली."

देवराव जाऊन पाहतो तर वरचे मजले जसेच्या तसे होते, भिंतींना साधा तडाही नव्हता. खाली मात्र सगळे खांब रस्त्याकडे कलले होते आणि प्रत्येकाच्या माथ्याशी आडवी भेग होती. त्याने लाकडी बल्ल्यांचे टेकू लावले, माणसं बाहेर काढली.

"भिंती परत बांधू," मोरोपंत म्हणाले.

"बांधता येतील. पण कललेले खांब त्यांनी सरळ होणार नाहीत."

"मग काय करायचं?"

"वरचे मजले उतरवावे लागतील. दुसरं मला सुचत नाही."

पोळ्याच्या आत वरचे दोन्ही मजले उतरवले. अमरावतीत परवडणारी खोली मिळेना, तेव्हा कुंदाबाई शाळा सोडून अकोल्याला भावाकडे निघाल्या. मोटारीवर ट्रंक चढवायला देवराव आला होता.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

"वाटत होतं."

"मग पंतांना पटेल असं का नाही सांगितलं?"

देवरावने ट्रंकेची दोरी पुन्हा एकदा आवळली. कंडक्टरने घंटी दिली.