साठावर तीन

शहाऐंशीच्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. कागदावर संत्री बाराशे. पेट्या वीस, पेटीत साठ. सौंसरच्या शेडमध्ये हजर माणसं पाच : आमच्या संत्रा बागाईतदार संस्थेचे अध्यक्ष, विद्यापीठाचे प्राध्यापक, परदेशी व्यापार कचेरीचे हेंड्रिक साहेब, संस्थेचा सेक्रेटरी म्हणून मी, आणि पर्बताबाई. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी चारच नावं लिहिली.

पर्बताबाईची आठवण मला आधी कानांनी येते. धानाच्या तणसात संत्रं ठेवलं जातं तेव्हा एक कोरडा, हलका आवाज होतो, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. त्या आवाजाच्या मागोमाग तिची मोजणी यायची. ‘एक’ ती कधी म्हणाली नाही. आमच्याकडे रास मोजताना पहिल्याला ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. असं साठापर्यंत, एका संथ चालीत, जणू पहाटे कुणी जातं ओढत आहे. पत्र्याच्या फटीतून उतरणारं थंडीतलं ऊन तिच्या मनगटापर्यंत यायचं आणि तिथेच थबकायचं. सालीच्या तेलाने तिचे अंगठे कायमचे पिवळसर तपकिरी झाले होते. फळ ती डोळ्यांनी पारखत नसे. ते तळहातावर क्षणभर तोलायची, अंगठ्याने देठाची बाजू चाचपायची आणि मग ते फळ पेटीत जायचं किंवा बाजूच्या टोपलीत. मी बी. कॉम. झालेला, आकड्यांवर पोट भरणारा माणूस. पण वजनकाट्याने तिला खोटं ठरवलेलं मी सहा हंगामांत एकदाही पाहिलं नाही.

ती रामाकोन्याची. रोज सकाळी छोट्या लाइनच्या गाडीने यायची, लुगड्याच्या ओच्यात भाकर बांधून. नवरा कधीच गेलेला. एक लेक, तिचं सासर गावातच. शेडमधल्या बाया तिला मावशी म्हणत आणि तिच्या शिस्तीला वचकूनही असत. एखादीने फळ टाकल्यासारखं ठेवलं की ती फक्त एवढंच म्हणायची, “काहो बाई, लेकरू असं निजवता का तुमी?” हसू पिकायचं, आणि पुढचं संत्रं अलगद उतरायचं.

विद्यापीठाने आणि त्या व्यापार कचेरीने मिळून जी योजना आखली होती, ती मला मनापासून पटली होती. विहिरी आटवून, जमिनीला औषधांनी जाळून दोन वर्षं पैसा काढायचा आणि मग बाग तोडायची, असा व्यवहार नको. दहा वर्षांचा करार, ठरलेला भाव, फवारणी मोजकी, मेणकागदाऐवजी तणस. इकडची झाडं टिकावीत आणि तिकडचं गिऱ्हाईकही टिकावं. त्यासाठी आधी नमुन्याच्या वीस पेट्या जायच्या होत्या. हेंड्रिक साहेब उंच, लाजरे गृहस्थ होते. तणसावर बूट पडू नये म्हणून ते शेडमध्ये बगळ्यासारखे पाय उचलून चालत. पर्बताबाईने त्यांना एक फळ सोलून दिलं, तर त्यांनी फोडी मोजल्या आणि वहीत टिपून घेतल्या. ती पदराआड हसली. “हा त तुमच्यासारखाच हाय जी, भाऊ,” मला म्हणाली.

साहेब आणि प्राध्यापक बागा पाहायला गेल्यावर तिने विचारलं, “भाऊ, वरचे टाकू ना?”

आमच्या बाजारात शंभरावर पाच वरचे द्यायची रीत आहे. ते मोजणीत धरत नाहीत, त्यांचे पैसे लागत नाहीत. देणाऱ्याचा हात आखडता नाही, एवढंच ते सांगतात. शंभरावर पाच, म्हणजे साठावर तीन. ती अक्षर शिकली नव्हती, पण हा हिशोब तिने माझ्या आधी केला होता. मी तेव्हा इंग्रजी फॉर्मवर साठाचा आकडा वीस वेळा लिहून राहिलो होतो. मान वर न करता म्हणालो, “नेहमीसारखं कर ना, बाई.”

तिने नेहमीसारखं केलं. कोपऱ्यातलं तणस थोडं दाबून, तीन फळांना जागा करून, पेटीमागे पेटी. वीस पेट्यांत साठ संत्री जास्त. ट्रकने माल पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गेला आणि तिथून मुंबईला.

फेब्रुवारीत हेंड्रिक साहेबांच्या कचेरीचं पत्र आलं. फळ उत्कृष्ट, एकही डागी नाही, असं पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं की कागदावरची संख्या आणि पेटीतली संख्या जुळत नाही. ज्या संस्थेचे कागद मालाशी जुळत नाहीत, तिच्याशी दहा वर्षांचा करार कसा करावा? विद्यापीठाने खुलासा मागवला. अध्यक्ष म्हणाले, “कोणाच्या तरी नावावर टाका हे, अन् मोकळे व्हा.”

खुलासा मीच लिहिला. ‘वरचे’ या शब्दाला इंग्रजी शब्द मला सापडला नाही, हे खरं. पण मी शोधलाही नाही. शोधला असता तर ‘मी हो म्हटलं’ हेही लिहावं लागलं असतं. मी लिहिलं : निरक्षर मजूर स्त्रीच्या अनवधानाने मोजणीत चूक झाली. खाली तिचा अंगठा हवा होता. ती हात पुसत आली. “काय लिवलं, भाऊ?” तिने विचारलं. “हिशोबाचा कागद आहे,” मी म्हणालो. तो पिवळसर तपकिरी अंगठा शाईत बुडाला आणि कागदावर टेकला. फळ ठेवावं तसा, अलगद.

साठ संत्र्यांची किंमत तिच्या मजुरीतून कापली गेली आणि पेट्या भरण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ते अध्यक्षांनी तिला सांगितलं; मी त्या वेळी कपाट लावत होतो. दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये आली नाही आणि मोजणी ‘एक’पासून सुरू झाली. आकडे जुळू लागले. तणसाचा आवाज तोच होता, पण त्यात कुणी कूस बदलल्यासारखं वाटेना.

पुढच्या डिसेंबरात हेंड्रिक साहेब पुन्हा आले. मधल्या काळात प्राध्यापकांनी त्यांना आमच्या बाजारांतून हिंडवलं होतं. त्यांनी एक नवा फॉर्म आणला होता आणि त्यात एक जादा रकाना होता. प्राध्यापकांनी मला समजावून सांगितलं : मोजलेली फळं इथे, वरची इथे. करार होतो आहे. एका रकान्याचं काम होतं, फार तर दीड इंच रुंद. मग साहेबांनी सोलून दिल्याची खूण हातांनी करून त्या बाईंची चौकशी केली. मी सांगितलं, गावाला गेल्या आहेत.

त्या रविवारी मी रामाकोन्याला गेलो. ती लेकीच्या अंगणात कापूस साफ करत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं : कागदात काय होतं, अंगठा कशावर घेतला, हो कोणी म्हटलं होतं. तिने सरकी वेगळी करणं थांबवलं नाही. म्हणाली, “तीन कमी भरले असते त चोरी, भाऊ. जास्त देल्ले, त्याची चूक कशी होते?” मग लेकीला म्हणाली, “भाऊंसाठी च्या मांड वं.”

चहा घेताना मी शब्द दिला की खरं काय ते लिहून देईन आणि तसा कागद आणून दाखवीन. आठवडाभरात लिहिलंही. अध्यक्ष चिडले. “करार झाला ना जी? कशाला उकरून राहिले तुम्ही?” विषय एका सभेतून दुसऱ्या सभेत ढकलला गेला. मी थांबलो. रिकाम्या हाताने कसं जावं, ठरावाची नक्कल हातात हवी, असं स्वतःला सांगत राहिलो. सौंसरहून रामाकोना किती लांब? पण मला पक्का कागद लागतो. तो माझा स्वभाव, आणि त्या वर्षी तो माझा आडोसाही होता.

ठराव पुढच्या नोव्हेंबरात झाला. चूक सेक्रेटरीची, पर्बताबाईंकडे दोष नाही, त्यांना कामावर परत घ्यावं. नक्कल खिशात घालून आणि आंबिया बहाराच्या नव्या संत्र्यांची एक पेटी घेऊन मी गाडीत बसलो. पेटी मी स्वतः भरली होती. तणस दाबून जागा करताना दोन फळं माझ्या हातून फुटली, ती बदलली.

लेक दारात आली. म्हणाली, “माय भादव्यात गेली, भाऊ. दोन दिवसांचा ताप.” मी ठरावाची नक्कल वाचून दाखवली. तिने ती ऐकली, घडी करून देवळीत ठेवली. मग पेटीपुढे बसून एकेक फळ तळहातावर तोलत ती परातीत मांडू लागली. लाभ, दोन, तीन. चाल तीच होती, आवाज कोवळा. साठाला ती थांबली. उरलेली तीन तिने मोजली नाहीत, नुसती वर ठेवली.

दिलेली संत्री : साठ, वर तीन. कापलेली मजुरी : पूर्ण, माझ्या खिशातून. घेणार : पर्बताबाईची लेक. जिला द्यायचं होतं, ती दोन महिने आधी निघून गेली होती. आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक मोजणीत, बेरीज जुळल्यानंतरही, काहीतरी वर उरतं, ज्याला मला अजून रकाना सापडलेला नाही.